ईश्वरी पूर्वज्ञान आणि इच्छास्वातंत्र्य

ईश्वरी पूर्वज्ञान आणि इच्छास्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, हा धर्माच्या तत्त्वज्ञानातील एक प्राचीन प्रश्न आहे. ईश्वर सर्वज्ञ असेल तर माणसे पुढे काय करणार आहेत हेही त्याला आधीपासून माहीत असले पाहिजे. ते त्याला माहीत असेल आणि त्याचे ज्ञान कधीच चुकत नसेल, तर त्याहून वेगळे वागणे माणसाला शक्य आहे काय, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे. ख्रिस्ती, ज्यू व इस्लामी परंपरांत त्याची दीर्घकाळ चर्चा झाली आहे. भारतीय परंपरांत तो मुख्यतः कर्म, नियती आणि सर्वज्ञता यांच्या विवेचनातून पुढे येतो.

‘जाणणे म्हणजे घडवणे नव्हे’ हे या प्रश्नाचे सर्वपरिचित उत्तर आहे. मात्र तेवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण त्याचे मूळ ज्ञानाच्या परिणामात नसून भूतकाळाच्या अपरिवर्तनीयतेत आहे. तत्त्वज्ञांनी सुचवलेली उत्तरे परस्परांहून वेगळी दिसतात, ती प्रत्येकाने मूळ युक्तिवादातील वेगळी पायरी नाकारल्यामुळे.

संज्ञा

या चर्चेत तीन संकल्पनांची अनेकदा गल्लत होते. ‘पूर्वज्ञान’ म्हणजे घटना घडण्यापूर्वी ती जाणणे. ‘पूर्वनिर्धार’ म्हणजे ईश्वराने ती घटना आधीच ठरवून ठेवणे. ‘नियततावाद’ म्हणजे प्रत्येक घटना तिच्या आधीच्या कारणांनी पूर्णपणे निश्चित झालेली असते, हे मत. पूर्वनिर्धार किंवा नियततावाद मानला तर इच्छास्वातंत्र्याची अडचण उघड आहे. परंतु या दोन्ही गोष्टी नाकारून केवळ पूर्वज्ञान मानले, तरीही अडचण शिल्लक राहते, हे या प्रश्नाचे वैशिष्ट्य होय.

‘इच्छास्वातंत्र्य’ या शब्दाचेही दोन अर्थ आढळतात. एका अर्थाने, एखादी कृती करणे वा न करणे हे दोन्ही पर्याय कर्त्याला खरोखर उपलब्ध असतील तरच तो स्वतंत्र असतो. दुसऱ्या अर्थाने, कृती बाहेरच्या सक्तीवाचून कर्त्याच्या स्वतःच्या इच्छेतून घडली एवढे स्वातंत्र्याला पुरेसे असते.

प्रश्नाची मांडणी

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचे नेहमीचे उदाहरण म्हणजे पीटरने येशूला नाकारण्याचा प्रसंग. शुभवर्तमानांतील कथेनुसार, कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीन वेळा नाकारशील, असे येशूने पीटरला सांगितले. आपल्या हातून तसे होणार नाही, असे पीटरने निक्षून सांगितले. प्रत्यक्षात त्याच रात्री त्याने येशूची ओळख तीन वेळा नाकारली, आणि कोंबडा आरवताच तो रडू लागला. येशूचे ज्ञान अचूक होते असे मानल्यास पीटरला त्या रात्री खरे बोलणे शक्य होते काय? शक्य नसेल, तर त्याच्या पश्चात्तापाला अर्थ कोणता?

हा युक्तिवाद पायऱ्यांनी असा मांडता येतो :

१. अमुक माणूस उद्या अमुक कृती करील, हे ईश्वराला काल माहीत होते.
२. ईश्वराचे ज्ञान चुकणे अशक्य आहे.
३. जे घडून गेले ते आता कोणालाही बदलता येत नाही.
४. म्हणून ईश्वराला काल तसे माहीत होते, ही गोष्टही आता बदलता येत नाही.
५. ते ज्ञान बदलता येत नाही आणि चुकूही शकत नाही. म्हणून उद्याची ती कृती टळू शकत नाही.
६. जी कृती टाळता येत नाही ती स्वतंत्र नसते.
७. म्हणून उद्याची ती कृती स्वतंत्र नाही.

हाच युक्तिवाद प्रत्येक माणसाच्या प्रत्येक कृतीला लागू पडतो. तो मान्य केल्यास दोष आणि प्रशंसा, शिक्षा आणि पारितोषिक, उपदेश आणि प्रार्थना या सर्वांचा आधार डळमळीत होतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ तर्कशास्त्रापुरता उरत नाही. पाप्याला शासन करणारा ईश्वर न्यायी कसा, हा प्रश्नही त्याच्याशी जोडलेला आहे.

‘जाणणे म्हणजे घडवणे नव्हे’

पंचांगकर्ता ग्रहणाची वेळ वर्षभर आधी सांगतो, परंतु त्याच्या सांगण्यामुळे ग्रहण लागत नाही. अभ्यास न करणारा विद्यार्थी नापास होईल हे शिक्षकाला आधी कळते, परंतु शिक्षक त्याला नापास करत नाही. याच रीतीने ईश्वराचे ज्ञान माणसाच्या कृतीचे कारण नसते, असा खुलासा केला जातो.

हा खुलासा खोटा नसला तरी अपुरा आहे. पंचांगकर्त्याचे गणित अचूक येते, कारण ग्रहण सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या गतींनी आधीच निश्चित झालेले असते. ग्रहणाला स्वातंत्र्य नसते. शिक्षकाचा अंदाज विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्याला बाधा आणत नाही, कारण तो चुकू शकतो. विद्यार्थी ऐनवेळी अभ्यासाला लागू शकतो. म्हणजे या दोन उदाहरणांपैकी एकात घटना आधीच ठरलेली आहे आणि दुसऱ्यात ज्ञान अनिश्चित आहे. घटना ठरलेली नाही, तरीही तिचे ज्ञान मात्र अचूक आहे, असे उदाहरण मानवी अनुभवात मिळत नाही; ईश्वराविषयी नेमका तोच दावा केला जातो. शिवाय वरील युक्तिवादात ज्ञान हे कृतीचे कारण आहे, असे कोठेही गृहीत धरलेले नाही.

या संदर्भात दोन प्रकारच्या अनिवार्यतांतील भेदही सांगितला जातो. ‘एखादी गोष्ट ईश्वराला माहीत असेल तर ती घडेलच’ हे संपूर्ण विधान अनिवार्यपणे खरे आहे. परंतु त्यावरून ती गोष्ट स्वतः अनिवार्य ठरत नाही. हा भेद योग्य आहे. मात्र तिसरी व चौथी पायरी मान्य केली, म्हणजे ज्ञानाची गोष्ट भूतकाळात गोठलेली आहे असे मानले, की अनिवार्यता मागील दाराने पुन्हा आत येते. म्हणून गंभीर उत्तरांना आणखी पुढे जावे लागते.

प्राचीन पार्श्वभूमी

ईश्वराचा उल्लेख न करता हीच अडचण ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात मांडली. ‘ऑन इंटरप्रिटेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात तो विचारतो की, ‘उद्या सागरी युद्ध होईल’ हे विधान आजच खरे असेल तर युद्ध टाळण्यासाठी विचारविनिमय करण्यात काय अर्थ? भविष्याविषयीची अशी विधाने आज खरी वा खोटी ठरलेली नसतात, असा त्याच्या उत्तराचा एक प्रचलित अर्थ लावला जातो.

रोमन वक्ता व लेखक सिसेरो याने स्वातंत्र्य वाचवण्यासाठी भविष्याचे दैवी ज्ञान नाकारले. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात त्यावर टीका केली आणि दोन्ही गोष्टी एकत्र मानता येतात, असे प्रतिपादन केले. ईश्वराला माणसाची इच्छा आधी माहीत असते. तेव्हा घडणार ती इच्छाच, आणि इच्छा म्हटली म्हणजे ती माणसाच्याच स्वाधीन असणार, असा त्याचा युक्तिवाद आहे. इच्छास्वातंत्र्यावरील आपल्या संवादात तो स्मृतीची उपमा देतो : माणसाची स्मृती जशी भूतकाळातील घटनांना भाग पाडत नाही, तसे ईश्वराचे पूर्वज्ञान भविष्यातील घटनांना भाग पाडत नाही. ही उपमा प्रभावी ठरली. तथापि स्मृती घटनेनंतरची असते आणि पूर्वज्ञान घटनेच्या आधीचे, हा फरक तिच्यामुळे मिटत नाही.

प्रमुख उत्तरे

कालातीत ज्ञान

रोमन विद्वान व मुत्सद्दी बोईथियस हा ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याच्या दरबारात उच्च पदावर होता. राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला कैद झाली आणि ५२४ च्या सुमारास देहदंड देण्यात आला. कैदेत असताना त्याने ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ हा पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात तत्त्वज्ञान ही एका स्त्रीच्या रूपात कैद्याला भेटते आणि दोघांचा संवाद गद्य व पद्य यांतून पुढे सरकतो. दुर्जनांची भरभराट आणि सज्जनांचा छळ होत असताना जग न्यायाने चालते असे कसे मानावे, ही कैद्याची तक्रार आहे. पाचव्या खंडात ती पूर्वज्ञानाच्या प्रश्नापाशी येऊन ठेपते. सर्व काही आधीच माहीत असेल तर आशा व प्रार्थना व्यर्थ ठरतात, आणि सत्कृत्याचे फळ व दुष्कृत्याची शिक्षा हे दोन्ही अन्याय ठरतात, असे तो म्हणतो. ज्ञान हे घटनेचे कारण नाही, हा खुलासा त्याला ठाऊक आहे आणि तो अपुरा असल्याचे तो स्वतःच दाखवतो.

त्याला मिळणारे उत्तर असे : ज्ञानाचे स्वरूप ज्ञेय वस्तूवर नव्हे, तर जाणणाऱ्याच्या स्वरूपावर अवलंबून असते. माणूस काळात जगतो. त्याचा कालचा दिवस गेलेला आणि उद्याचा यायचा असतो. ईश्वर मात्र काळाच्या बाहेर असून त्याचे अमर्याद जीवन एकाच वेळी संपूर्णपणे त्याच्यापुढे असते. म्हणून ईश्वराला काहीही ‘आधी’ माहीत होत नाही. सर्व काळ त्याला वर्तमानासारखा दिसतो. चालणाऱ्या माणसाला पाहणारा त्याच्या चालण्यावर सक्ती करत नाही, तसेच हे पाहणे होय. या उत्तराने युक्तिवादाची पहिली पायरीच नाकारली जाते, कारण ईश्वराला ‘काल’ माहीत होते असे म्हणताच येत नाही.

टॉमस अक्वाय्नस (१२२५–१२७४) याने हे मत स्वीकारून त्याला वाटसरूंचा दृष्टांत दिला. रस्त्याने चालणाऱ्याला आपल्या मागून येणारे दिसत नाहीत. उंचावर उभ्या असलेल्याला मात्र सगळा रस्ता आणि त्यावरील सगळे वाटसरू एकदम दिसतात.

या मतावर दोन मुख्य आक्षेप आहेत. पहिला आक्षेप अँथनी केनी यांनी १९६९ मध्ये मांडला. सर्व घटना ईश्वराच्या शाश्वततेशी समकालीन असतील तर त्या परस्परांशीही समकालीन ठराव्यात, आणि मग रोम जळणे व आजचे लेखन एकाच वेळी घडत आहे, असे म्हणावे लागेल. एलिनोर स्टम्प व नॉर्मन क्रेट्झमन यांनी १९८१ मध्ये शाश्वत आणि कालबद्ध यांच्यामधील समकालीनतेची वेगळी व्याख्या करून याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. दुसरा आक्षेप भविष्यवाणीचा आहे. ईश्वराचे ज्ञान कालातीत असले तरी ते पीटरला एका विशिष्ट रात्री सांगितले गेले. ते सांगणे ही काळातीलच घटना आहे. ती घडून गेल्यावर बदलता येत नाही, आणि मूळची अडचण पुन्हा उभी राहते.

ऑकमचा मार्ग

इंग्लंडमधील फ्रान्सिस्कन विचारवंत विल्यम ऑफ ऑकम याने चौदाव्या शतकात चौथ्या पायरीला हात घातला. भूतकाळाविषयीची सगळी विधाने सारखी नसतात, असे तो दाखवतो. ‘काल पाऊस पडला’ हे विधान सर्वस्वी कालविषयी आहे. ‘काल जो मुलगा जन्मला तो पुढे राजा होणार होता’ हे विधान भूतकाळी भाषेत असले तरी त्याचे खरेपण पुढच्या घटनांवर अवलंबून आहे. अशी विधाने पहिल्या प्रकारच्या विधानांसारखी पक्की झालेली नसतात. ईश्वराचे भविष्याविषयीचे ज्ञान या दुसऱ्या वर्गात मोडते, असे ऑकमचे म्हणणे आहे.

नेल्सन पाइक यांच्या १९६५ च्या लेखामुळे पूर्वज्ञानाच्या प्रश्नाला आधुनिक चर्चेत पुन्हा स्थान मिळाले. त्यानंतर मेरिलिन मॅकॉर्ड ॲडम्स यांनी १९६७ मध्ये आणि ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९८६ मध्ये ऑकमच्या मार्गाचे समर्थन केले. ईश्वराच्या मनात काल असलेली धारणा ही कालच्या पावसाइतकीच पक्की गोष्ट का मानू नये, हा टीकाकारांचा प्रश्न आहे.

मध्यमज्ञान

स्पॅनिश जेझुइट लुईस दे मोलिना (१५३५–१६००) याने १५८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ईश्वरी ज्ञानाचे तीन स्तर मांडले. काय काय शक्य आहे याचे ज्ञान पहिले, आणि प्रत्यक्षात काय घडेल याचे ज्ञान शेवटचे. या दोहोंमध्ये एक ‘मध्यमज्ञान’ असते : कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वतंत्रपणे काय करील, याचे ज्ञान. त्याच्या आधारे ईश्वर कोणते जग निर्माण करायचे ते ठरवतो. अशा रीतीने ईश्वराची योजना आणि माणसाचे स्वातंत्र्य ही दोन्ही टिकतात, असा मोलिनाचा दावा आहे.

डॉमिनिकन पंथीयांनी, विशेषतः दोमिंगो बान्येझ याने, या मताला तीव्र विरोध केला. हा वाद पोपच्या दरबारी गेला. अनेक वर्षांच्या सुनावणीनंतर पोप पाचवा पॉल याने १६०७ मध्ये कोणत्याही बाजूने निर्णय न देता तो थांबवला. जी परिस्थिती कधी आलीच नाही, तिच्यात एखाद्याने स्वतंत्रपणे काय केले असते याविषयीचे विधान कशाच्या आधारावर खरे ठरते, हा मोलिनाच्या मतावरील मुख्य आक्षेप आहे.

खुले भविष्य

काही विचारवंतांनी पहिली पायरी वेगळ्या कारणाने नाकारली. फाउस्टो सोझिनी (१५३९–१६०४) याने माणसांच्या स्वतंत्र कृतींचे पूर्वज्ञान ईश्वराला असते, हे मत सोडून दिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत क्लार्क पिनॉक, विल्यम हॅस्कर, जॉन सँडर्स आदींनी असेच मत मांडले; त्यांचा ‘द ओपननेस ऑफ गॉड’ हा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. यांच्या मते जे जाणता येण्याजोगे आहे ते सर्व ईश्वर जाणतो, परंतु अजून न ठरलेली स्वतंत्र निवड हा जाणता येण्याजोगा विषयच नव्हे. तसे असूनही जगावर ईश्वराची सत्ता कशी राहते, हे स्पष्ट करण्यासाठी विल्यम जेम्स याने १८८४ मध्ये दिलेली बुद्धिबळाची उपमा उपयुक्त ठरते. नवशिक्याची प्रत्येक खेळी निष्णात खेळाडूला आधी माहीत नसते, तरीही डाव कोण जिंकणार हे त्याला माहीत असते. या मताने सर्वज्ञतेचा पारंपरिक अर्थ आणि भविष्यवाणीवरील श्रद्धा दोन्ही सोडावी लागतात, असे विरोधकांचे म्हणणे आहे.

स्वातंत्र्याचा फेरविचार

इतर काहींनी सहावी पायरी तपासली. इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले. त्याला उत्तर देताना मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये पूर्वज्ञानाच्याच आधारे इच्छास्वातंत्र्य नाकारले. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्स याने १७५४ मध्ये कृतीची अटळता मान्य केली. मात्र कृती कर्त्याच्या इच्छेतून घडली असेल तर ती अटळ असूनही कर्ता जबाबदार राहतो, असे त्याने प्रतिपादले.

हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९६९ मध्ये वेगळ्या संदर्भात एक काल्पनिक उदाहरण दिले. एक माणूस दुसऱ्यावर पाळत ठेवून आहे; दुसऱ्याने अपेक्षेप्रमाणे निर्णय घेतला नाही तरच तो हस्तक्षेप करील. दुसऱ्याने अपेक्षित निर्णय आपणहून घेतला, त्यामुळे हस्तक्षेपाची वेळच आली नाही. त्याला दुसरा पर्याय उपलब्ध नव्हता, तरीही निर्णय त्याचाच आणि जबाबदारीही त्याचीच. लिंडा झॅगझेब्स्की आदींनी अशा उदाहरणांचा उपयोग पूर्वज्ञानाच्या चर्चेत केला आहे.

ज्यू व इस्लामी परंपरा

मायमॉनिडीझ (११३८–१२०४) याने आपल्या धर्मसंहितेतील पश्चात्तापाच्या प्रकरणात हा प्रश्न स्पष्टपणे उपस्थित केला. ईश्वराचे ज्ञान त्याच्या स्वरूपाहून वेगळे नाही, म्हणून ते मानवी बुद्धीच्या आवाक्यापलीकडचे आहे. माणसाच्या कृती मात्र त्याच्या हाती आहेत, असे त्याने सांगितले. ज्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो वाचकांपुढे मांडूच नये, अशी टीका त्याचा समकालीन राबाद याने केली. पुढे गेर्सोनिडीझ (१२८८–१३४४) याने ईश्वर घटनांची सर्वसाधारण व्यवस्था जाणतो, परंतु माणूस उपलब्ध पर्यायांतून नेमकी कोणती निवड करील हे जाणत नाही, अशी भूमिका घेतली.

इस्लाममध्ये आरंभीच्या शतकांत मानवी कर्तृत्वाचे समर्थन करणारे कदरिया आणि ते नाकारणारे जबरिया यांचा वाद झाला. ईश्वर न्यायी असल्यामुळे माणूस आपल्या कृतींचा स्वतःच कर्ता असला पाहिजे, असे मुताझिला पंथाने मानले. अल्-अशअरी याच्या परंपरेने, कृती ईश्वर निर्माण करतो आणि माणूस ती ‘संपादन’ करतो, असा मध्यममार्ग स्वीकारला.

भारतीय परंपरा

भारतीय दर्शनांत माणसाच्या परिस्थितीचा उलगडा पूर्वकर्मांनी केला जात असल्याने चर्चेचा भर ज्ञानापेक्षा कर्मावर राहिला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, जगातील विषमतेमुळे ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा दोष येतो काय, हा प्रश्न आहे. ईश्वर जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून फळ देतो, असे त्याचे उत्तर आहे. शंकराचार्यांनी यासाठी पर्जन्याचा दृष्टांत दिला : पाऊस सर्व बियांना सारखाच असतो, रोपांतील भेद बियांमुळे होतात.

भगवद्गीतेत पूर्वज्ञानाचा प्रश्न सूचित झाला आहे. सातव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्याला भूत, वर्तमान व भविष्य यांतील सर्व भूते ज्ञात असल्याचे सांगतो. अकराव्या अध्यायात, समोरचे योद्धे आधीच मारले गेले आहेत, तू केवळ निमित्त हो, असे तो अर्जुनाला म्हणतो. तरीही अठराव्या अध्यायात, सर्व विचार करून तुला वाटेल तसे कर, असे सांगून निर्णय अर्जुनावर सोपवतो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ (१९१५) या ग्रंथात ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. नामरूपात्मक सृष्टी कर्माच्या नियमाने बांधलेली असली तरी आत्मा मूळचा त्या सृष्टीपलीकडील असल्याने मोक्षासाठी प्रयत्न करण्यास माणूस स्वतंत्र आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

जैन परंपरेत जगाचा निर्माता ईश्वर मानलेला नाही, म्हणून तेथे हा प्रश्न अधिक शुद्ध स्वरूपात दिसतो. केवलज्ञानी सर्व द्रव्ये त्यांच्या तिन्ही काळांतील सर्व पर्यायांसह जाणतो. तो काही घडवत मात्र नाही. दुसरीकडे, नियतिवादी मंखली गोशालाच्या मताला जैन आगमांत ठाम विरोध आहे. ‘उपासकदशा’ या आगमात पोलासपूरच्या सद्दालपुत्त या कुंभाराची कथा येते. तो गोशालाचा अनुयायी होता. ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून, असे महावीरांनी त्याला विचारले; सर्व नियत असल्याने प्रयत्नावाचून, असे तो म्हणाला. मग कोणी तुझी मडकी फोडली किंवा तुझ्या पत्नीवर हात टाकला तर काय करशील, असे विचारताच आपण त्याला शासन करू, असे उत्तर त्याने दिले. सर्व नियत असेल तर अपराधी कोण, या प्रतिप्रश्नाने तो निरुत्तर झाला. तथापि केवलज्ञान मानल्यावर भविष्यातील पर्याय निश्चित ठरतात काय, हा प्रश्न जैन परंपरेत उरलाच. विसाव्या शतकात सोनगढ येथील कानजीस्वामी यांच्या ‘क्रमबद्धपर्याय’ या सिद्धान्ताच्या निमित्ताने त्यावर मोठा वाद झाला. पर्यायांचा क्रम निश्चित आहे आणि पुरुषार्थही त्याच क्रमात अंतर्भूत आहे, असे समर्थकांचे म्हणणे आहे. अशाने पुरुषार्थाला अर्थ उरत नाही, असे विरोधक मानतात.

उत्तरांची तुलना

वरील प्रत्येक उत्तर काहीतरी सोडून देते. कालातीत ज्ञान मानल्यास भविष्यवाणीचा खुलासा करणे कठीण जाते आणि काळात घडणाऱ्या प्रार्थनेला ईश्वर प्रतिसाद कसा देतो, हे समजावून सांगावे लागते. ऑकमच्या मार्गाने जाताना ईश्वराच्या भूतकालीन ज्ञानाला इतर भूतकालीन गोष्टींहून वेगळे मानावे लागते. मध्यमज्ञानाला, कधीच न घडलेल्या निवडींविषयी निश्चित सत्ये असतात, हे गृहीत धरावे लागते. खुल्या भविष्याच्या मतात सर्वज्ञतेची व्याप्ती कमी होते, तर एडवर्ड्सच्या मतात स्वातंत्र्याची. मायमॉनिडीझप्रमाणे ईश्वरी ज्ञान मानवी ज्ञानाहून सर्वस्वी भिन्न मानले तर दोन्ही श्रद्धा टिकतात, परंतु ‘ईश्वर जाणतो’ या विधानाचा अर्थ अस्पष्ट राहतो. पूर्वज्ञान आणि इच्छास्वातंत्र्य यांचा मेळ बसतो की नाही याचे उत्तर त्यामुळे सर्वज्ञता, काळ आणि जबाबदारी या संकल्पनांचा कोणता अर्थ स्वीकारला जातो, यावर अवलंबून राहते.

हे सुद्धा पहा

इच्छास्वातंत्र्य
नियततावाद
सर्वज्ञता
कर्मसिद्धान्त
आजीवक
बोईथियस
गीतारहस्य